पातळ बर्फ आणि ओले सारवण

मराठीच्या वर्गात वर्षानुवर्षे एक प्रश्न आम्ही फळ्यावर लिहीत आलो : 'या कवितेतील प्रतिमा स्पष्ट करा.' या प्रश्नाची भाषा जरा पाहावी. प्रतिमा मुळात अस्पष्ट असते, तिच्यामागे एक सरळ अर्थ दडून बसलेला असतो आणि त्याला हात धरून बाहेर आणले की काम संपले, असे त्यात गृहीत आहे. उपमेय कोणते, उपमान कोणते, साधर्म्य कशात, एवढे लिहिले की विद्यार्थ्याला गुण मिळत आणि आम्हाला समाधान. कविता तोवर वर्गातून निघून गेलेली असे, पण तो विषय निराळा. या प्रश्नाविषयी पहिली गंभीर शंका आम्हाला आली ती मात्र वर्गात नव्हे. ती आली एका बागेत, सकाळी सात वाजता, ताई ची शिकताना.

मध्यंतरी काही वर्षे सिंगापूरला राहण्याचा योग आला. तिथल्या बागांत आणि उंच इमारतींच्या तळाशी मोकळ्या सोडलेल्या जागांत सकाळी ताई चीचे गट दिसतात. अशाच एका गटात आम्ही जाऊ लागलो. शिकविणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. सगळे त्यांना 'लाओशी', म्हणजे गुरुजी किंवा बाई, असेच म्हणत. त्यांचे इंग्रजी मोजके आणि आमचे चिनी शून्य. त्यामुळे सुरुवातीला आम्हाला एका जुन्या विद्यार्थ्याच्या हवाली करण्यात आले. हात छातीसमोर गोलाकार धरून नुसते उभे राहायचे होते. त्याने नीट समजावून सांगितले : खांदे सोडा, कोपरे खाली, मनगट सरळ, बोटे मोकळी, काखेत थोडी जागा. पाचवी सूचना पाळेपर्यंत पहिली सुटत होती. पाचही एकदम सांभाळू गेलो तेव्हा आमची अवस्था कपडे वाळत घालण्याच्या दांडीसारखी झाली. लाओशी आल्या. दोन्ही हातांनी हवेत एक मोठा गोल काढून त्यांनी तो आमच्या हातांत ठेवला आणि म्हणाल्या, "बॉल." मग बोट हलवून दोनच गोष्टी सांगितल्या : पाडायचा नाही, चेपायचा नाही.

हात आपोआप गोल झाले. खांदे उतरले. काखेत जागा आली.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. त्या चेंडूत पाचही सूचना होत्या. शिवाय सूचनांत नव्हते असेही काही होते, ते म्हणजे त्या पाचांचा एकमेकींशी असलेला संबंध. खांदा किती सोडायचा? चेंडू पडणार नाही इतका. कोपर किती आवळायचे? चेंडू चेपणार नाही इतके. हे 'इतके' कोणत्याही सूचनेत बसत नाही. ते चेंडूतच असते. हा चेंडू 'स्पष्ट' करायचा म्हटला तर काय उरेल? पुन्हा त्या पाच सूचना, आणि ती कपडे वाळत घालण्याची दांडी.

पुढे कळले की हालचाली कशा शिकल्या जातात याचा अभ्यास करणाऱ्यांनी ही गोष्ट प्रयोगांनी पडताळली आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना बर्फावर घसरण्याच्या खेळाचे एक यंत्र चालवायला दिले होते. त्यांतल्या काहींना आपल्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितले आणि काहींना पायांखालच्या फळीच्या चाकांकडे. अंतर काही इंचांचेच, पण चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. लक्ष शरीरावरून उठून शरीराबाहेरच्या परिणामावर गेले की शरीर आपले काम जास्त मोकळेपणाने करते, असा त्याचा साधारण आशय. २००१ साली लिआओ आणि मास्टर्स या अभ्यासकांनी टेबल टेनिसचा एक फटका नवशिक्यांना नियमांच्या यादीऐवजी एकाच प्रतिमेतून शिकविला : बॅट काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरून वर जाते आहे असे समजा. नियम पाठ न करताही ते फटका शिकले, आणि मन दुसऱ्या कामात गुंतवले तरी त्यांचा फटका बिघडला नाही.

पण आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटली ती या गोष्टीची पुढची पायरी. हाँगकाँगमध्ये कँटनीज बोलणाऱ्या नवशिक्यांना हीच त्रिकोणाची प्रतिमा दिली, तेव्हा ती चालली नाही. मग त्यांच्यासाठी दुसरी शोधावी लागली : बॅट डोंगराच्या उतारावरून वर चढते आहे. भूमिती तीच, कोन तोच. तरी त्रिकोण मुका राहिला आणि डोंगर बोलला. २००७ साली प्रसिद्ध झालेला हा निबंध भाषांतर शिकविणाऱ्यांच्या वाचनात असायला हवा असे आमचे मत आहे.

ताई चीच्या पवित्र्यांची नावे हा स्वतंत्र कौतुकाचा विषय आहे. पांढरा क्रौंच पंख पसरतो, रानघोड्याची आयाळ दुभंगते, चिमणीची शेपटी धरायची असते, समुद्राच्या तळाशी सुई असते, हात ढगांसारखे वाहतात. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने सर्वसामान्यांसाठी २४ पवित्र्यांची सोपी मालिका तयार केली, तीच आज जगभर शिकविली जाते, आणि तिच्यातही ही चित्रे टिकून राहिली. आरंभी आम्ही त्यांना पवित्र मानत होतो. मग लक्षात आले की ही नावेही पिढ्यान् पिढ्या कानांवरूनच चालत आली आहेत. दोन्ही मुठी दोन्ही कानशिलांवर नेण्याचा एक पवित्रा आहे. त्याचे नाव कोणी 'कानांवर आदळणारी दोन शिखरे' असे लिहितात, तर कोणी 'दोन वारे' असे. चिनीत शिखर आणि वारा या दोन शब्दांचा उच्चार एकच : फंग. चिमणीच्या शेपटीबद्दल तर काही अभ्यासकांचे असे मत आहे की मूळ नाव 'सैलसर अंगरखा खोचणे' अशा अर्थाचे होते. सोळाव्या शतकातील सेनापती छी जीग्वांग याच्या ग्रंथात ते नाव येते, आणि बोलता बोलता त्याची चिमणी झाली असावी. म्हणजे अंगरख्याची चिमणी होऊ शकते आणि तरीही पिढ्या शिकतात. याने आम्हाला पुढे धीर दिला.

धीराची गरज पडली ती आईमुळे. आम्ही परत आलो त्याच वर्षी ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. मनगटाचे हाड दीड महिन्यात जुळले, पण चालण्याची भीती काही जाईना. पाय न उचलता ती घरातल्या घरात फरपटत चालू लागली. खांदे कानांना लागलेले, नजर जमिनीत रुतलेली. वृद्धांचे पडणे ताई चीने काहीसे कमी होत असावे, असे संशोधन सांगते. २०१९ सालच्या कॉक्रेन आढाव्यात ही घट सुमारे १९ टक्के दिली आहे, पण तो पुरावा फारसा भक्कम नाही, असेही तिथेच म्हटले आहे. आम्हाला तेवढे पुरेसे होते. सोसायटीच्या गच्चीवर आई आणि तिच्या वयाच्या चारपाच जणी यांचा वर्ग आम्ही सुरू केला.

आणि साहित्याच्या शिक्षकाकडून जी चूक व्हायची ती झाली. आम्ही नावांचे भाषांतर केले. त्यातही संस्कृत भाषांतर : 'श्वेतक्रौंच-पक्षविस्तार', 'मेघहस्त'. पहिल्या दिवशी क्रौंचाचा पवित्रा दाखविला. सारा भार मागच्या उजव्या पायावर घ्यायचा, डाव्या पायाचा चवडा फक्त टेकवायचा, उजवा हात कपाळाशी न्यायचा आणि डावा कमरेपाशी खाली ठेवायचा. आईने हात वर नेला आणि मध्येच थांबून विचारले,

"क्रौंच म्हणजे तो वाल्मीकींचा ना?"

"हो, तोच."

"अरे देवा. तो तर बाण लागून पडला."

बाकीच्या जणी हसल्या. आई हसली नाही. तिचा पुढचा पाय घट्ट रोवला गेला होता आणि खांदे पुन्हा कानांशी पोहोचले होते.

त्यानंतर चालण्याचा धडा. ताई चीत पाऊल टाकणे आणि त्यावर भार देणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आधी पाय रिकामा पुढे जातो, जमिनीची ओळख करून घेतो, आणि मग भार सावकाश त्याच्याकडे जातो. लाओशी यासाठी पातळ बर्फाची प्रतिमा देत असत. आम्ही ती जशीच्या तशी दिली : "समज, तळ्यावर बर्फाचा पातळ थर आहे." कोकणात वाढलेल्या आमच्या आईने गोठलेले तळे कधी पाहिले नव्हते, तरी ती प्रतिमा तिला अचूक कळली. तिने एक पाऊल टाकले आणि भिंत धरली. म्हणाली, "पुन्हा घसरून पडू का आता?"

त्या संध्याकाळी आम्हाला आमचाच एक धडा आठवला. लक्षणा शिकविताना मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'तले गंगेवरच्या गौळवाड्याचे उदाहरण आम्ही न चुकता देत आलो आहोत. प्रवाहावर वाडा कसा वसेल? म्हणून गंगा म्हणजे गंगेचा काठ असे घ्यायचे, ही लक्षणा. मग सरळ 'काठावर' असेच का म्हणू नये? कारण गंगेसोबत येणारा गारवा आणि पावित्र्य नुसत्या काठासोबत येत नाही. ते व्यंजनेचे काम. हे सारे आम्हाला पाठ होते. परीक्षेत विचारले असते तर पूर्ण गुण मिळाले असते. गच्चीवर मात्र आम्ही लक्ष्यार्थ तेवढा नेला. 'एकदम भार देऊ नकोस' हा बर्फाचा लक्ष्यार्थ बरोबर होता. पण बर्फासोबत तडा येतो, बुडणे येते, आणि आईने तेच ऐकले. खरे तर हे आधीच कळायला हवे होते. पातळ बर्फावरून चालण्याची ही प्रतिमा चिनी भाषेत 'शी चिंग' या प्राचीन काव्यसंग्रहापासून चालत आलेली आहे, आणि तिथेही ती थरथरत्या भीतीच्याच सोबतीने येते. ज्याला भय नाही त्याला ती सावध करते. ज्याच्याजवळ भय आधीच आहे त्याला ती आणखी भय देते. आम्ही आईला चालायला शिकवीत होतो आणि त्याच वाक्यात पडण्याची आठवण करून देत होतो.

क्रौंचाच्या जागी आम्ही बगळा आणला. मराठीत बगळ्याची ख्याती चांगली नाही, हे आम्हाला ठाऊक होते. "एका पायावर उभा, ध्यान लावलेला," एवढे म्हणताच आई म्हणाली, "लबाड मेला! लक्ष सगळं माशावर," आणि हसली. हसताना खांदे उतरले. बगळ्याला पडण्याची भीती नसते. त्याला घाईही नसते. उदात्त क्रौंचाला जे जमले नाही ते एका ढोंगी पक्ष्याने केले.

याचा अर्थ घरगुती चित्र दिले की काम झाले असा कोणी घेऊ नये. आम्ही तसा घेतला आणि पुन्हा फसलो. ढगांच्या हातांत हात आळीपाळीने चेहऱ्यासमोरून वाहत जातात, पण ते स्वतः काही करीत नाहीत. कंबर वळते आणि हात मागून येतात. आम्हाला ताकाची रवी आठवली आणि आम्ही मोठ्या खुशीत सांगितले, "कंबर म्हणजे रवी आणि हात म्हणजे दोरी." सगळ्या जणींनी ताक घुसळायला घेतले. खांदे मागेपुढे झटके देऊ लागले आणि कंबर जागची हलेना. प्रतिमा परकी नव्हती, जन्माची ओळखीची होती, आणि त्यांनी ती तंतोतंत पाळली होती. चूक शेजारच्या मावशींनी दाखविली.

"अहो, तुम्ही उलटं सांगताय. घुसळताना दोरी रवीला फिरवते, रवी दोरीला नाही. तुम्हाला गिरकी पाहिजे. लहानपणी गिरकी घेतली की परकर फुलायचा ना? परकराला कोणी सांगत होतं का, फुल म्हणून?"

सत्तरीच्या पाच बायकांनी गच्चीवर सावकाश कंबर वळविली, आणि हात परकरासारखे मागून आले. तेव्हा कुठे आम्हाला आठवले की लाओशींनी याच पवित्र्यासाठी काठीवर बसविलेला एक छोटा ढोल दाखविला होता, दोन बाजूंना दोऱ्यांनी मणी बांधलेला, आपल्या डमरूचा भाऊ. काठी फिरली की मणी आपोआप आदळतात. मावशींनी तो ढोल कधी पाहिला नव्हता. त्यांनी चित्राचे भाषांतर केले नाही. क्रिया ओळखली आणि आपल्या आयुष्यात तशी क्रिया कुठे घडली होती ते शोधले. मूळ कुठे आहे आणि ओढ कुठून कुठे जाते, हे जुळले की बाकी सारे बदलले तरी चालते. ते जुळले नाही तर ओळखीचे चित्रही दगा देते. साधर्म्य म्हणजे दोन वस्तूंचे दिसणे सारखे असणे, असे आम्ही शिकविताना धरून चालत होतो. रवी आणि परकर यांनी ते दुरुस्त केले.

राहिला चालण्याचा प्रश्न. त्याचे उत्तर आईनेच दिले. एका सकाळी पाय रिकामा पुढे नेता नेता ती थबकली आणि स्वतःशीच बोलावे तसे बोलली, "आमची आजी अंगण सारवायची. वाळायच्या आत ओलांडायचं झालं तर आम्ही असंच टाकायचो पाऊल. नाहीतर ठसा उमटायचा, आणि मग आजीची बोलणी."

आम्ही म्हटले, "तसंच चाल. ठसा उमटू देऊ नकोस."

ती चालली. चारच पावले, पण भिंत न धरता. तर्काने पाहिले तर ओले सारवण ही घसरण्याचीच जागा, बर्फाहून फार वेगळी नाही. लक्ष्यार्थही तोच : भार सावकाश द्यावा. फरक इतकाच की बर्फावर चालणारा स्वतःला जपतो आणि सारवणावर चालणारा जमिनीला जपतो. बर्फ दगा देणार म्हणून पाय हलका होतो, तर सारवणावर तो हलका होतो आजीच्या कष्टांवर ठसा उमटू नये म्हणून. आईचे लक्ष तिच्या मोडलेल्या मनगटावरून उठून अंगणावर गेले. चाकांकडे पाहायला सांगणारा तो प्रयोग या ठिकाणी आम्हाला पुन्हा आठवला. पण प्रयोगात चाके कोणाची आजी नव्हती.

प्रतिमेची हद्दही इथेच दिसली. पुढे पाऊल टाकताना आधी टाच टेकवायची असते. ओल्या सारवणावर मात्र माणूस चवडा आधी टेकवतो. तेव्हा "आई, टाच आधी," असे सरळ शब्दांतच सांगावे लागले आणि रोज सांगावे लागले. गुडघा आत वळू लागला तरी तेच. तिथे दुखापतीची शक्यता असते, रूपक शोधत बसण्याची ती जागा नव्हे. लाओशीही अशा वेळी चित्र देत नसत. येऊन हाताने गुडघा बाजूला करीत आणि पुढे जात. कुठे बोलावे आणि कुठे हात लावावा, हे त्यांना कळत होते.

आणखी एक गोष्ट. चारपाच महिन्यांनी आई गच्चीवरून मावशींशी बोलत बोलत जिन्याकडे चालली होती. पाय उचलत होता, नजर समोर होती. आम्ही हौसेने विचारले, "सारवण आठवलं होतं का?" तिने चमकून पाहिले. "कसलं सारवण? आम्ही कुळथाच्या पिठल्याचं बोलत होतो." प्रतिमा आपले काम करून निघून गेली होती. आम्हाला क्षणभर वाईट वाटले हे कबूल करतो. इतक्या सुंदर चित्राची आठवणही तिला नव्हती. पण ती आठवत राहिली असती तर चालणे अजून जमलेले नाही, असाच त्याचा अर्थ झाला असता. आता ती न्हाणीघरात एकटी जाते. जिना उतरताना मात्र अजून कठडा धरते, आणि तिथे कोणते चित्र चालेल हे ना तिला सापडले आहे ना आम्हाला.

असो. वर्गात तो प्रश्न आता आम्ही वेगळा लिहितो : 'या कवितेतील प्रतिमा तुमच्यावर काय परिणाम करते, आणि तिच्या जागी दुसरी ठेवली तर काय बिघडेल?' पहिल्या वर्षी उत्तरे फार वाईट आली. मुलांनी साधर्म्याचेच दोन दोन रकाने आखले. ते आम्हीच शिकविले होते, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? नंतर एका मुलीने एका ओळीविषयी इतकेच लिहिले की ती वाचताना आपला श्वास थोडा वेळ थांबतो आणि शब्द बदलला तर थांबत नाही. पुढे काहीच स्पष्टीकरण नव्हते. आम्ही ती ओळ मोठ्याने वाचून पाहिली. श्वास खरोखरच थांबत होता. त्या उत्तराला गुण किती द्यायचे, यावर मात्र आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो.